खराब तार भरूनही ब्रुकलिन ब्रिज पडला का नाही? जॉन रोब्लिंग आणि तारदोराची गोष्ट

होडी डोंगर चढते असं कुणी सांगितलं तर पटणार नाही. पण 1830 च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हे रोज घडत होतं. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गला जोडणारा जलमार्ग ॲलेघेनीच्या डोंगरापाशी खुंटायचा. मग होड्या रुळांवरच्या गाड्यांवर चढवायच्या आणि वाफेच्या इंजिनाने दोर ओढून त्या चढावरून पलीकडे न्यायच्या.

सगळा भरवसा त्या दोरावर. तो भांगेच्या झाडापासून काढलेल्या वाखाचा असायचा, मनगटापेक्षाही जाड. पावसात भिजायचा, कुजायचा, घासून झिजायचा आणि तुटला की गाडी सुसाट खाली यायची. हे पाहणाऱ्या एका इंजिनीअरला वाटलं, याच्या जागी लोखंडी तारेचा दोर का नको? त्यांचं नाव जॉन रोब्लिंग.

शेती करायला आले, इंजिनीअरच राहिले

रोब्लिंग यांचा जन्म 12 जून 1806 चा, जर्मनीतल्या म्युलहाउझेनचा. बर्लिनमध्ये बांधकामशास्त्र शिकले, सरकारी रस्त्यांवर काम केलं. 1831 मध्ये भाऊ कार्लसोबत अमेरिकेला आले आणि सॅक्सनबर्ग नावाचं गाव वसवून शेती करू लागले. ती काही जमली नाही. 1837 मध्ये भाऊ वारला, त्याच वर्षी मुलगा वॉशिंग्टन जन्मला आणि रोब्लिंग पुन्हा मोजणीच्या कामावर रुजू झाले.

तारदोराचा शोध मात्र त्यांचा नाही. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या खाणींमध्ये विल्हेल्म आल्बर्ट यांनी 1834 मध्ये तारा पिळून दोर केला होता. खाणीत तोवर साखळ्या वापरत. साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली, तेही काही इशारा न देता. दोरात तसं होत नाही. एखादी तार तुटली तर भार बाकीच्या तारांवर वाटला जातो आणि तुटलेलं टोक बाहेर डोकावू लागतं. म्हणजे माणसाला दोर बदलायला वेळ मिळतो. आजही दोर तपासणारा माणूस आधी अशा तुटक्या तारा मोजतो.

1841 मध्ये रोब्लिंग यांनी घरामागच्या कुरणात, शेजाऱ्यांना हाताशी धरून तारा पिळायला सुरुवात केली. वाखाचे दोर विकणाऱ्यांना हे रुचणारं नव्हतंच. पहिल्या चाचणीत दोर तुटला, तो कुणीतरी मुद्दाम कापून ठेवला होता असं सांगितलं जातं. रोब्लिंग मागे हटले नाहीत. 1842 मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि 1840 च्या दशकाअखेर कारखाना ट्रेंटनला गेला.

दोर कुठला, कशासाठी?

जो दोर कप्पीवरून सतत वळतो तो लवचीक हवा. त्यासाठी बारीक तारा भरपूर लागतात. बाजारात 7×19 म्हणतात तो दोर म्हणजे सात पदर आणि प्रत्येक पदरात 19 तारा. जो दोर नुसता ताणून एका जागी राहणार, त्याला जाड, कमी तारांचा 1×19 चालतो. तो कमी ताणतो, पण कप्पीवर लवकर खराब होतो.

पुलाच्या मुख्य दोराला तर वळायचंच नसतं. म्हणून रोब्लिंग यांनी तिथे पीळच काढून टाकला. नदीवरून चाक फिरवत एकेक तार समांतर ओढायची आणि शेवटी सगळ्यांवर घट्ट तार गुंडाळायची. 1855 मध्ये नायगाऱ्यावर त्यांनी 821 फुटांचा झुलता पूल बांधला आणि त्यावरून रेल्वे नेली. आदल्याच वर्षी व्हीलिंगचा झुलता पूल वाऱ्याने कोसळला होता, त्यामुळे हा टिकेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. तो 1897 पर्यंत वापरात राहिला.

पुढचं मोठं काम ब्रुकलिन ब्रिजचं. इथे खाली समुद्राचं खारं पाणी. म्हणून लोखंडाऐवजी पोलादी तार, आणि तीही जस्ताचा मुलामा दिलेली. जस्त स्वतः झिजतं आणि पोलाद वाचवतं. स्टेनलेस स्टील तेव्हा नव्हतंच, ते शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांच्या हातून 1913 मध्ये आलं. आज कोकणात किनाऱ्यालगतच्या घराच्या कठड्याला दोर लावायचा तर 316 ग्रेडचा घ्यावा. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे तो खाऱ्या हवेत 304 पेक्षा जास्त तग धरतो. पण स्टेनलेस म्हणजे सगळीकडे सरस, हा गैरसमज आहे. लिफ्ट आणि क्रेनमध्ये अजूनही वंगण घातलेला साधा पोलादी दोरच जास्त दिसतो. कप्पीवर पुन्हा पुन्हा वळणं तो चांगलं सोसतो.

पूल सुरू होण्याआधीच

28 जून 1869 रोजी रोब्लिंग ब्रुकलिनच्या धक्क्यावर मनोऱ्याची जागा पाहत उभे होते. फेरीबोट धक्क्याला आदळली आणि त्यांचा पाय चिरडला. बोटं कापावी लागली. त्यांचा पाण्याच्या उपचारांवर अढळ विश्वास होता. डॉक्टरांना बाजूला सारून ते जखमेवर पाणी सोडत राहिले. धनुर्वात झाला आणि 22 जुलैला ते गेले. घरातही ते असेच हट्टी, किंबहुना क्रूर होते. मुलांना ते किती मारत, हे वॉशिंग्टन यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

त्याच मुलाने काम हाती घेतलं. नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेत काम करून वॉशिंग्टन कायमचे आजारी पडले. ते खिडकीतून काम पाहत आणि पत्नी एमिली सूचना घेऊन जात.

1878 मध्ये कळलं की तार पुरवणारा ठेकेदार जे. लॉइड हेग फसवत होता. कारखान्यात चांगली तार तपासून घ्यायची, वाटेत गाडीवरची वेटोळी बदलायची, खराब तार पुलाकडे आणि चांगली परत तपासणीला. खराब तार दोरांमध्ये गेलेली होती, ती काढणं शक्य नव्हतं.

रोब्लिंग बाप-लेकांच्या हिशोबात दोर गरजेपेक्षा सहापट मजबूत धरलेले होते. यालाच सुरक्षा गुणांक म्हणतात. एक हजार किलोला तुटणाऱ्या दोरावर गुणांक पाचचा धरला तर दोनशेच किलो टांगायचे. वॉशिंग्टन यांनी पुन्हा गणित मांडलं. खराब तार धरूनही ताकद निदान पाचपट उरत होती. त्यांनी प्रत्येक दोरात सुमारे 150 जादा तारा घालायला लावल्या, हेगच्या खर्चाने.

24 मे 1883 रोजी पूल खुला झाला. हेगची तार आजही त्या चार दोरांमध्येच आहे.