एडिसनने परत घेतलेली बॅटरी

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की विजेचा दिवा डोळ्यांपुढे येतो. मी मात्र उमेदीची वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात घालवली. त्यामुळे असेल, मला त्याच्या चरित्रातले बॅटरीचे प्रकरण अधिक मोलाचे वाटते.

एडिसनचा जन्म 1847 सालचा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. शाळा जेमतेम काही महिन्यांची. पोरवयात तो आगगाडीत वर्तमानपत्रे विकत असे. पुढे 1877 मध्ये फोनोग्राफ आणि 1879 मध्ये विजेचा दिवा आला, कीर्ती आणि पैसा आला. पन्नाशी उलटल्यावर स्वस्थ बसायला हरकत नव्हती. पण 1899 च्या सुमारास त्याने बॅटरीचे काम हाती घेतले.

तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवर वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या मोटारींची चढाओढ चालू होती. विजेची मोटार आवाज करत नसे, धूर सोडत नसे; पण तिची शिसे आणि आम्लाची बॅटरी फार जड असे. एडिसनने आम्लाऐवजी अल्कली, म्हणजे पोटॅशचे द्रावण घेतले आणि शिशाऐवजी निकेल व लोखंड. स्वीडनमध्ये युंगनर हा संशोधकही याच वाटेवर होता.

1904 पर्यंत एडिसनची बॅटरी बाजारात आली होती. मग तक्रारी सुरू झाल्या. डबे गळत, वीज साठवण्याची शक्ती घटत जाई. एडिसनने उत्पादन थांबवले आणि सदोष माल परत घेतला. डोक्यावर कर्ज आणि गोदामात माल असताना कारखानदाराच्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे मी टेबलाच्या पलीकडून अनेकदा पाहिले आहे. म्हणूनच या निर्णयाची किंमत मला कळते.

पुन्हा प्रयोग सुरू झाले. दोष ग्रॅफाइटमध्ये होता. त्याजागी निकेलचे अतिशय पातळ कपटे आले. 1910 मध्ये सुधारलेल्या बॅटरीचे उत्पादन जोमाने सुरू झाले, तेव्हा एडिसन त्रेसष्ट वर्षांचा होता.

पण काळ थांबला नव्हता. 1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली होती. 1912 मध्ये कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल फिरवण्याचा त्रास संपला. त्या कामाला एकदम मोठा प्रवाह लागतो. तिथे शिशाचीच बॅटरी सरस. शिवाय थंडीत एडिसनची बॅटरी मंदावे. ज्या मोटारीसाठी एवढा खटाटोप केला, तीच हातची गेली.

बॅटरी मात्र वाया गेली नाही. खाणकामगारांचे दिवे आणि रेल्वेचे सिग्नल यांत ती रुजली. जास्त चार्ज झाली, महिनोन्‌महिने पडून राहिली, तरी ती सहसा बिघडत नसे, वर्षानुवर्षे टिके. एडिसन 1931 मध्ये गेला, पण अमेरिकेत तिचे उत्पादन 1975 पर्यंत चालले.

आज मोटारीला हलकी लिथियमची बॅटरी लागते, ते योग्यच आहे. पण दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठवायचे तर बॅटरी एका जागी बसून राहणार. तिथे वजनापेक्षा टिकाऊपणा महत्त्वाचा. निकेल-लोखंडाच्या बॅटरीत उणिवा आहेत: भरलेल्या विजेचा बराच भाग वाया जातो, पाणी घालत राहावे लागते. कारण चार्ज होताना तिच्यातील पाण्यापासून हायड्रोजन सुटतो. हॉलंडमधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016-17 मध्ये हाच दोष उपयोगाला लावला: बॅटरी भरल्यावर उरलेल्या विजेने हायड्रोजन बनवायचा आणि तो इंधन म्हणून साठवायचा.

पैसा रोज लागणार असेल तर चालू खाते, दूरच्या गरजेसाठी मुदत ठेव, हे आम्ही खातेदारांना सांगत असू. विजेचेही तसेच असावे. बॅटरी चांगली की वाईट हे विचारण्याआधी ती कोणत्या कामाला हवी, हे विचारायला हवे. एडिसनच्या बॅटरीला तिचे काम सापडले, ते मोटारीबाहेर.