आकाशाची उंची मोजणारे जेम्स ग्लेशर

पन्हाळगडाच्या तटावर उभे राहिले म्हणजे वारा अंगास गार लागतो व खालची शेते लहान लहान दिसतात. तो गड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच आहे. त्याच्या नऊ-दहा पट उंचीवर पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ उघड्या टोपलीत बसून गेला आणि जिवंत परत आला, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. त्या गृहस्थाचे नाव जेम्स ग्लेशर.

ग्लेशर यांचा जन्म ७ एप्रिल १८०९ रोजी लंडन येथे झाला. वडील घड्याळे करीत असत. वयाच्या विशीत आयर्लंडच्या सरकारी मोजणीवर असता त्यांस डोंगरमाथ्यावर ढगांत व धुक्यात दिवसचे दिवस काढावे लागले. त्या ओलाव्याने प्रकृती बिघडली, परंतु ढगांविषयीची जिज्ञासा तेथेच जडली. पुढे ग्रिनिचच्या वेधशाळेत ते हवामानशाखेचे प्रमुख झाले व १८७४ पर्यंत त्या जागी राहिले. देशातील ठिकठिकाणच्या लोकांकडून रोज ठरलेल्या वेळी हवेच्या नोंदी मागवून त्या वर्तमानपत्रात छापण्याची व्यवस्था त्यांनी १८४९ साली लाविली. आज आमचा शेतकरी पेरणीपूर्वी पावसाचा अंदाज पाहतो. त्या विद्येचे मूळ अशाच नोंदींत आहे.

परंतु वरच्या हवेत थंडी किती, ओलावा किती, हे जमिनीवर बसून कसे कळावे? वर जाणेच प्राप्त होते. ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या मंडळाने १८६२ साली हे काम हाती घेतले. फुगा हाकण्यास हेन्री कॉक्सवेल मिळाले. हे पूर्वी दंतवैद्य होते. त्यांचा प्रचंड फुगा दगडी कोळशापासून काढलेल्या दिव्याच्या गॅसने भरीत. हा गॅस हवेहून हलका, म्हणून फुगा चढे; आणखी चढावयाचे तर टोपलीतील वाळू टाकावयाची, आणि उतरावयाचे तर दोरी ओढून माथ्यावरील झडप उघडावयाची. ही दोरी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

५ सप्टेंबर १८६२ रोजी दुपारी एकच्या सुमारास वुल्व्हरहॅम्प्टन गावाहून हे दोघे निघाले. बरोबर सहा कबुतरे होती. तीन मैलांवर सोडलेले पहिले कबूतर पंख पसरून कागदाच्या तुकड्यासारखे खाली गेले. दुसरे चार मैलांवर जोराने गोल गोल उडाले. आणखी वर सोडलेले तिसरे दगडासारखे पडले. पाखराला जेथे पंख मारवेना, तेथे माणसे यंत्रांतील अंक लिहीत बसली होती! थंडी उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली. जमिनीवर सुमारे ३० इंच असणारा वायुभारमापकाचा पारा पावणेदहा इंचांवर उतरला, म्हणजे उंची २९,००० फूट झाली.

इतक्यात फुगा गरगरत राहिल्याने झडपेची दोरी गुंतली. ती सोडविण्यास कॉक्सवेल टोपलीवरील कड्यात चढले. खाली ग्लेशर यांचा हात मेजावर पडला तो उचलेना. मान खांद्यावर कलली. सोबती दिसत होता, पण त्यास हाक मारण्यास वाचा राहिली नव्हती. मग डोळ्यांपुढे अंधार झाला व शुद्ध हरपली. कॉक्सवेल यांचे हात थंडीने काळे व निर्जीव झाले होते. कोपरांवर भार देत ते खाली आले. ग्लेशर यांची मुद्रा इतकी शांत होती की ते विसावा घेत आहेत असे त्यांस प्रथम वाटले. खरा प्रकार ध्यानात आला तेव्हा त्यांनाही भोवळ येत होती. हात उपयोगाचे नव्हते, म्हणून त्यांनी दोरी दातांत धरली आणि मानेला दोन-तीन हिसके दिले. झडप उघडली. फुगा उतरू लागला.

सुमारे सात मिनिटांनी ग्लेशर सावध झाले आणि त्यांनी पुन्हा पेन्सिल घेऊन नोंदी सुरू केल्या. जवळची ब्रँडी त्यांनी सोबत्याच्या काळ्या पडलेल्या हातांवर ओतली. तिचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. लडलोजवळ एका ओसाड जागी ते उतरले व तेथून सात-आठ मैल पायी चालले.

आपण सात मैल, म्हणजे ३७,००० फूट चढलो, असा हिशोब ग्लेशर यांनी केला. शुद्ध नसतानाची उंची अनुमानानेच काढलेली असल्यामुळे अलीकडचे अभ्यासक ती कमी धरतात, व आम्हांसही तेच योग्य वाटते. हिमालयाच्या सर्वोच्च शिखराएवढी उंची मात्र त्यांनी बहुधा गाठली होती.

अशा ठिकाणी प्राण घेणारी गोष्ट केवळ थंडी नव्हे. विरळ हवेत श्वासागणिक प्राणवायू अपुरा पडतो, आणि दुःख न होता माणूस झोपी जातो. १८७५ साली झेनिथ नावाच्या फुग्यातून गेलेल्या तिघा फ्रेंच गृहस्थांपैकी दोघे असेच वारले. त्यांच्याजवळ प्राणवायू होता. परंतु तो तोंडाशी नेण्याचे बळ उरले नव्हते. २००५ साली विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या फुग्यात सुमारे ६९,००० फूट चढून नाशिक जिल्ह्यात उतरले, ते हवा कोंडलेल्या बंद कोठडीत बसून.

ग्लेशर यांनी त्या दिवसानंतर फुग्याचे नाव टाकले असेल असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. १८६६ पर्यंत ते पुनःपुन्हा वर गेले. उतारवयात पवित्र भूमीच्या संशोधनार्थ स्थापलेल्या पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंडाच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, आणि यरुशलेमात पाऊस किती पडतो याच्या नोंदी ते तपाशीत असत. कॉक्सवेल १९०० साली वारले. ग्लेशर ७ फेब्रुवारी १९०३ रोजी क्रॉयडन येथे वारले, तेव्हा त्यांचे वय ९३ वर्षांचे होते.