घळीतला बोरू

आमच्या महाडकडच्या बायका श्रावणात एकदा तरी शिवथरघळीला जातातच. बिरवाडीवरून आत वळलं की वरंध्याचे डोंगर अंगावर येतात. घळीच्या तोंडाशी धबधबा असा कोसळत असतो की शेजारणीशीही ओरडून बोलावं लागतं. दर वेळी मला प्रश्न पडतो, या आवाजात समर्थांनी सांगितलं तरी कसं आणि कल्याणस्वामींनी ऐकलं तरी कसं? दासबोध इथेच लिहिला गेला, असं आपण परंपरेने मानतो. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये ही जागा शोधून काढली.

नारायण सूर्याजीपंत ठोसर १६०८ साली जालन्याकडच्या जांब गावी जन्मले. बोहल्यावर 'सावधान' ऐकताच ते पळाले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. अंतरपाटापलीकडे उभ्या राहिलेल्या त्या पोरीचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी सांगत नाही. असो. मग नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप. पहाटे नदीत उभं राहून जप, दुपारी माधुकरी आणि उरलेल्या वेळात लिहिणं. त्या वयात त्यांनी अख्खं वाल्मीकी रामायण स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. ती पोथी धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात जपून ठेवलीय. दुसऱ्याचं लिहिलेलं अक्षर न् अक्षर हातातून गेलं, आणि मग कधीतरी स्वतःचं आलं.

पुढे बारा वर्षं देश पायी पालथा घातला, दुष्काळ पाहिला, उद्ध्वस्त गावं पाहिली. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले, १६४८ मध्ये चाफळचा राम बसवला. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास झाले. त्यात एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच लिहावं कसं इथून होते! पान आखून घ्या, चहूकडे समास सोडा म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर जाणार नाही. पहिल्यापासून शेवटापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसू द्या. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी तुम्हालाच वाचता येणार नाही. इतकं घरगुती! समासाच्या सुरुवातीला हे ब्राह्मणाला उद्देशून आहे, हेही सांगायला हवं. ज्यांच्या हाती टाकच दिला नाही ते खूप होते, आणि ते महाडकरांना वेगळं सांगायला नको.

बायकांच्या हाती तरी कुठे होता? पण बालविधवा वेणाबाई त्यांच्या शिष्या झाल्या, त्यांनी सीतास्वयंवर लिहिलं. उभं राहून कीर्तन करायची मोकळीकही समर्थांनी त्यांना दिली, असं सांगतात. त्या काळी लोक काय काय बोलले असतील!

कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात होती. तीत समर्थांनी स्वतः दुरुस्त्या केल्या, असं मानतात. देवांनी १९०५ मध्ये दासबोध छापला तो याच प्रतीवरून. म्हणजे सांगणारा सांगून मोकळा झाला नाही. लिहिलेलं पुन्हा वाचलं, खोडलं, आपलं म्हणून पत्करलं. १६८२ मध्ये सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमचा भाचा. शाळेला समर्थांवर निबंध हवा होता. त्याने मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं आणि माझा चहा उकळायच्या आत दोन पानं तयार! शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. पण निबंधात शिवथरघळीचा धबधबा 'मंजुळ' होता. माणसांनी लिहिलेल्या ढीगभर मजकुरावरून पुढचा शब्द कोणता शोभेल ते यंत्र जुळवतं. धबधब्याला मंजुळ शोभतो, म्हणून मंजुळ. त्यात त्याचा काय दोष? ते बिचारं कधी भिजलंय?

भाच्याला म्हटलं, तू तर गेल्या श्रावणात आमच्याबरोबर होतास, कानांवर हात धरून उभा होतास ना? तो हसला. म्हणाला, "मावशी, पण हे छान वाटतंय की." मी म्हटलं, "छान आहे रे, पण खाली नाव तुझं लिहायचंय." मग बसला बापडा वही घेऊन. 'मंजुळ' खोडलं. बराच वेळ पेन चावत होता. शेवटी लिहिलं, धबधब्यामुळे मावशी काय ओरडत होती ते मला कळलंच नाही.