हयातीत ज्याला मेजर लीगने उभं केलं नाही, त्याच्याच नावावर आज मेजर लीगचा सगळ्यात मोठा बॅटिंग विक्रम आहे

क्रिकेटवेड्या माणसाला ऑल टाइम इलेव्हन निवडायला सांगा, तासभर तरी तो जागचा हलत नाही. अमेरिकेत बेसबॉलचे चाहते हाच उद्योग जरा पद्धतशीरपणे करतात. आठ-दहा जण जमतात, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि प्रत्येकाने पाळीपाळीने इतिहासातला एकेक खेळाडू उचलायचा. कुणी बेब रूथ घेतला की तो बाकीच्यांना बाद. याला म्हणतात फॅन्टसी ड्राफ्ट.

या खेळात खरी पंचाईत होते कॅचरची. कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर, पण काम त्याहून जिकिरीचं. तासन् तास उकिडवं बसायचं, वेगाने येणारे चेंडू झेलायचे, बोटं मोडून घ्यायची, गुडघे झिजवायचे. त्यामुळे उत्तम कॅचर असून तुफान बॅटिंग करणारा माणूस शोधूनही सापडत नाही. जाणकार मंडळी अशा वेळी जॉनी बेंच, योगी बेरा ही नावं घेतात. आणि ज्याला इतिहास नीट माहिती आहे, तो त्यांच्याही आधी एक नाव उचलतो. जॉश गिब्सन.

गंमत म्हणजे हा माणूस मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. त्याला खेळूच दिलं नाही.

गिब्सनचा जन्म 21 डिसेंबर 1911 चा, जॉर्जिया राज्यातल्या ब्यूना व्हिस्टा या गावातला. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या नशिबी तेव्हा दुसऱ्याच्या शेतात राबणं आणि पावलोपावली अपमान. त्याच्या वडिलांनी पिट्सबर्गची वाट धरली, पोलादाच्या कारखान्यात काम मिळवलं आणि मागोमाग कुटुंबाला बोलावून घेतलं. पोरगा वीजकामाचं शिक्षण घेऊ लागला, पण ते अर्ध्यावर सुटलं. मग कारखान्यात काम, डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लिफ्ट चालवणं आणि उरलेल्या वेळात बेसबॉल.

1930 मध्ये होमस्टेड ग्रेज या नावाजलेल्या कृष्णवर्णीय संघाचा कॅचर जखमी झाला आणि अठरा वर्षांच्या गिब्सनला संधी मिळाली. तो प्रेक्षकांत बसला होता आणि तिथूनच त्याला मैदानात बोलावलं, अशी कथा सांगितली जाते. कथा रंगवलेली असू शकते, पण त्या उन्हाळ्यात तो ग्रेजकडून खेळायला लागला हे नक्की.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या घरावर आभाळ कोसळलं. बायको हेलन बाळंतपणात गेली. जुळी मुलं वाचली. मुलाचं नाव वडिलांवरून जॉश ठेवलं, मुलीचं आईवरून हेलन. मुलं आजी-आजोबांकडे राहिली आणि बाप गावोगाव बेसबॉल खेळत फिरत राहिला. पोटापाण्याचं तेवढंच साधन होतं.

मुळात कृष्णवर्णीयांना वेगळे संघ का काढावे लागले? मेजर लीगच्या नियमात कुठेही त्यांना बंदी असं लिहिलेलं नव्हतं. गोऱ्या मालकांमध्ये एक अलिखित समजूत होती, एवढंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती पाळली गेली. 1920 पासून 1944 पर्यंत बेसबॉलचे कमिशनर असलेले केनेसॉ माउंटन लँडिस अशी बंदी नसल्याचं सांगत राहिले आणि त्यांच्या सबंध कारकिर्दीत एकही कृष्णवर्णीय खेळाडू आत आला नाही. त्यामुळे या खेळाडूंनी स्वतःच्या लीग काढल्या. त्यांनाच नीग्रो लीग म्हणतात.

1932 मध्ये गिब्सन गेला पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडे. मालक गस ग्रीनली. त्याचा मूळ धंदा आपल्याकडच्या मटक्यासारखा, आकड्यांचा. पण त्या पैशातून त्याने स्वतःचं मैदान बांधलं आणि असा संघ उभा केला, की आजचे फॅन्टसीवाले त्याकडे बघून हात चोळत बसतील. पिचर सॅचेल पेज, वाऱ्यासारखा पळणारा कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, ज्युडी जॉन्सन आणि कॅचर जॉश गिब्सन. हे पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

1937 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो याच्या नावाच्या संघासाठी पेज, बेल आणि गिब्सन तिकडे जाऊन खेळले, कारण पैसा बरा होता. नंतर गिब्सन मेक्सिकोतही खेळला. तिकडे हॉटेलात खोली मिळायची. मायदेशात मात्र संघाला कित्येक गावांत जेवायला हॉटेल मिळत नसे.

ग्रेजमध्ये परतल्यावर त्याची आणि बक लेनर्डची जोडी जमली. ग्रेजचे बरेच सामने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये होत. ते मैदान गोऱ्यांच्या वॉशिंग्टन सेनेटर्स संघाचं. या संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांनी एकदा दोघांना बोलावून मेजर लीगबद्दल चाचपणी केली, असं लेनर्ड यांनी पुढे सांगितलं. चाचपणीपुढे काही गेलं नाही. सेनेटर्स हरत राहिले आणि त्यांच्याच मैदानावर हे दोघे चेंडू भिंतीबाहेर धाडत राहिले.

1943 च्या जानेवारीत गिब्सन बेशुद्ध पडला. मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं. शस्त्रक्रियेला त्याने नकार दिला. त्यातून अंथरुणाला खिळून जगण्याची वेळ येईल ही त्याला धास्ती होती. डोकेदुखी, दारू, अधूनमधून मनोरुग्णालयाच्या वाऱ्या. आणि अशा अवस्थेत त्याच वर्षी त्याचं बॅटिंग अ‍ॅव्हरेज होतं .466!

हा आकडा समजून घ्यायला हवा. क्रिकेटच्या सरासरीशी त्याचा संबंध नाही. हिशेबात धरल्या जाणाऱ्या दर हजार संधींपैकी किती वेळा फलंदाजाने हिट मारला, ते यातून कळतं. 300 वेळा जमलं तरी तो उत्तम फलंदाज. गिब्सनचा त्या वर्षीचा हिशेब 466 चा.

ऑक्टोबर 1945 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं. गिब्सन तोवर गुडघ्यांनी आणि तब्येतीनेही थकला होता. 20 जानेवारी 1947 ला पिट्सबर्गमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय फक्त 35. आणि 15 एप्रिल 1947 ला, म्हणजे तीन महिनेही झाले नव्हते, रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला. गिब्सनच्या थडग्यावर तर 1975 पर्यंत साधा दगडही नव्हता, जरी 1972 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं होतं.

तिथल्या फलकावर त्याने सुमारे 800 होम रन मारल्याचा उल्लेख आहे. अधिकृत यादीत मात्र हा आकडा 200 च्याही आत आहे. दोन्हींत खोटं काही नाही. लीगचे सामने मोजकेच असत, बाकी सगळा मोसम गावोगावच्या संघांशी खेळण्यात जाई. त्या सामन्यांची नोंद कोण ठेवणार? अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या जुन्या वर्तमानपत्रांतून स्कोअरकार्ड शोधून शोधून हिशेब जुळवला. डिसेंबर 2020 मध्ये 1920 ते 1948 मधल्या सात नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि मे 2024 मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले.

त्या दिवशी यादी उलटीपालटी झाली. कारकिर्दीच्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये टाय कॉबचा .367 मागे पडला आणि गिब्सन .372 वर पहिला आला. स्लगिंगमध्ये, म्हणजे फटक्यांची ताकद मोजणाऱ्या आकड्यात, .718 घेऊन तो बेब रूथच्याही पुढे गेला. एका मोसमाचा विक्रमही त्याच्याच .466 चा.

कॉब तीन हजारांवर सामने खेळला आणि गिब्सनचे नोंदलेले सामने सहाशेच्या आसपास, मग तुलना कशी करायची, असा आक्षेप लगेच आला. आक्षेपात तथ्य आहे. पण छोटा मोसम काही गिब्सनने मागून घेतला नव्हता. शिवाय कॉब आणि रूथ यांनाही मेजर लीगमध्ये कधी सॅचेल पेजसारख्या पिचरसमोर उभं राहावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट. मेजर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या ट्रॉफीवर अनेक दशकं नाव होतं कमिशनर लँडिस यांचं. ऑक्टोबर 2020 मध्ये ते काढलं गेलं. त्या जागी जॉश गिब्सनचं नाव द्यावं, अशी त्याच्या पुढच्या पिढ्यांची मागणी आहे.