विष्णुभट गोडसे : एका भिक्षुकाचे प्रवासकथन

विष्णुभट गोडसे यांचा जन्म १८२७ साली पेणजवळील वरसई या गावी झाला. घराणे वैदिकांचे, परंतु कर्जाने गांजलेले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली, तेव्हा दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये ते चुलते रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. कर्ज फेडावे, तीर्थयात्रा घडावी, एवढाच हेतू होता. महूच्या परिसरात त्यांना शिपायांच्या बंडाची चाहूल लागली. तरीही ते माघारी फिरले नाहीत.

पुढे ते झाशीत राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास राहिले. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली, तेव्हा ते तेथेच अडकले होते. लपून त्यांनी जीव वाचविला. मिळविलेली दक्षिणा लुटली गेली. या कत्तलीचे वर्णन करताना झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश त्यांना विसरता येत नाही. आयुष्य पोथ्यांवर गेलेल्या माणसाचे ते दुःख आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना पराभूत, तहानलेली राणी भेटते. ते पाणी काढून देऊ लागतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी श्रम करू नयेत म्हणून ती स्वतःच पाणी काढते आणि ओंजळीने पिते. इतिहासग्रंथांत लढायांचे तपशील पुष्कळ सापडतात. हा प्रसंग मात्र तेथे उभा असलेला भिक्षुकच सांगू शकतो, आणि अशा लेखनाच्या वाचनाचा खरा आनंद येथेच आहे.

पुन्हा लूट, पुन्हा पायपीट. सुमारे अडीच वर्षांनी ते वरसईस परतले, ते जवळजवळ रिकाम्या हातांनी. गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

हा वृत्तांत त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिला. लेखकाच्या निधनानंतर, १९०७ साली, वैद्यांनी तो ‘माझा प्रवास’ या नावाने छापला. परंतु भाषेत व मजकुरात फेरफार करून. संपादकाचा हेतू काहीही असो, वाचकाला विष्णुभटांचा स्वतःचा आवाज त्यामुळे दुरून ऐकावा लागला. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. विद्यार्थ्यांनी शक्यतो तीच वाचावी. दोन्ही मिळाल्यास विहिरीचा प्रसंग दोहोंत ताडून पाहावा.