कवी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ : डॉ. का. र. कीर्तिकर

मराठी काव्याच्या इतिहासात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) यांचे नाव बहुधा एकाच प्रसंगासाठी घेतले जाते. १९०७ साली जळगावला भरलेल्या महाराष्ट्र कविसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाची कविता त्यांनी तेथे ऐकली आणि त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरविले. पुढे महाराष्ट्र ठोमऱ्यांना याच नावाने ओळखू लागला. मात्र नाव देणाऱ्याचे स्वतःचे कार्य मागे पडले.

कीर्तिकर व्यवसायाने वैद्यक होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये ते लेफ्टनंट कर्नलच्या पदापर्यंत पोहोचले. काव्याची ओढ त्यांना आरंभापासून होती. टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’ या काव्याच्या आधारे त्यांनी रचलेले ‘इंदिरा’ हे मराठी काव्य १८८४ साली प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा विषय मराठी कवितेत आणण्याचे धैर्य त्यांनी त्या काळात दाखविले, हे विसरता येणार नाही.

त्यांचे दुसरे प्रेम वनस्पतींवर होते. मुंबईत १८८३ साली नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या नियतकालिकात कीर्तिकरांनी मुंबई परिसरातील विषारी वनस्पतींवर सचित्र लेखमाला लिहिली. ज्या रोपाजवळून माणसे रोज जातात, त्याचे पान, फूल, फळ व गुणधर्म नेमकेपणाने सांगणे ही त्यांची रीत होती. कवीची नजर आणि वैद्याची शिस्त यांचा असा संगम विरळाच.

या व्यासंगाचे फळ म्हणजे ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ हा बृहद्ग्रंथ. मेजर बामनदास बसू हे त्यांचे सहलेखक. ग्रंथ अलाहाबादच्या पाणिनी कार्यालयातून १९१८ साली बाहेर पडला. सोबत हजारावर चित्रपत्रे होती. दुर्दैव असे की, तो पाहण्यास कीर्तिकर हयात नव्हते. त्याच वर्षी ५ मे रोजी भादली येथे रेल्वे अपघातात बालकवीही गेले. अवघ्या वर्षभराच्या अंतराने गौरव करणारा आणि गौरव पावलेला, असे दोघेही काळाआड झाले. ग्रंथ मात्र टिकला. १९३०च्या दशकात ब्लॅटर, कायस व म्हसकर यांनी त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती सिद्ध केली आणि आजही अभ्यासक तिचा आधार घेतात.

या ग्रंथाचे मोल केवळ औषधांपुरते नाही. त्या काळी सरकारी दप्तरात जंगल म्हणजे मुख्यतः इमारती लाकूड होते. कीर्तिकर-बसूंनी वेल, गवत, झुडूप, साल, मूळ यांनाही नोंदीत मानाचे स्थान दिले. शास्त्रीय नावापाठोपाठ त्यांनी संस्कृत आणि देशी भाषांतील नावे दिली. आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंडा परिसरासारख्या सीमाभागात याचे महत्त्व विशेष जाणवते. येथे मराठी, तेलुगू व गोंडी शेजारी नांदतात. मराठीतले जांभूळ ते तेलुगूतले नेरेडू; गावाच्या नावातही त्याचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. कुंतल धबधब्याभोवतीच्या रानात वाढणाऱ्या कितीतरी वनस्पतींना प्रत्येक भाषेत वेगळे नाव आहे. ते नाव जाणणारी पिढी संपली की नावाबरोबर उपयोगही लोपतो, आणि ज्याचा उपयोग ठाऊक नाही ते झुडूप प्रथम तोडले जाते.

अर्थात, गुण कळल्यानेही वनस्पती संकटात येते. बाजारात मागणी वाढली की मुळासकट उपटण्याची घाई सुरू होते. म्हणून ज्ञानाला संयमाची जोड हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करण्याचे काम सुरू झाले. स्थानिक नावे व उपयोग लिहून ठेवण्याचा तो उपक्रम कीर्तिकरांच्याच वाटेवरचा म्हणावा लागेल. छापील नोंदीचे सामर्थ्य १९९७ साली साऱ्या देशाने अनुभवले. जखमेवर हळद लावण्याविषयी अमेरिकेत दिलेले पेटंट त्या वर्षी रद्द झाले, आणि त्यासाठी जुने लिखित पुरावेच कामी आले.

ग्रंथालयांनी जपलेल्या जुन्या पोथ्या-पुस्तकांचा आणि रानातल्या झाडांचा संबंध असा जवळचा आहे. एक राखला नाही तर दुसऱ्याची ओळखही पुसली जाते. बालकवींची कविता वाचताना त्यांना हे नाव देणाऱ्या कीर्तिकरांचे स्मरण करावे, आणि आपल्या परिसरातील एखाद्या तरी अनाम झुडपाचे नाव वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. त्यांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन कोणते असणार?