हँडल मारायचे दिवस

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने एक जुनी पिकअप घेतली. पहाटे गावातला भाजीपाला मार्केट यार्डात पोचवायचा आणि परतीच्या खेपेला मिळेल तो माल आणायचा, असा त्याचा धंदा. बँकेत असताना अशा गाड्यांची कितीतरी कर्जप्रकरणे मी हातावेगळी केली. गाडीची किंमत, मार्जिन, हप्ता, जामीनदार हे सगळे तोंडपाठ. पण बॉनेटच्या आत काय असते हे पाहायची वेळ निवृत्तीनंतरच आली. रविवारी सकाळी अंगणात गाडी लागते, पुतण्या हत्यारांची पेटी काढतो आणि मी हातात बॅटरी धरून उभा राहतो. काकाला तेवढेच काम जमते, असे घरात सर्वांचे मत आहे.

त्या दिवशी पुढच्या बंपरवर दोन जादा दिवे, मागच्या हौद्यात एक दिवा आणि केबिनमध्ये मोबाइल चार्ज करायची सोय असा बेत होता. त्याने बॅटरीपासून वायर आणली, डॅशबोर्डवरच्या एका छोट्या बटणातून फिरवली आणि दिवे लावले. उजेड झकास पडला. दहा मिनिटांत बटण गरम झाले आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. मग नाक्यावरच्या वायरमनला बोलावणे गेले. त्याने हिशेब मांडला तो असा : 55 वॉटचे दोन दिवे म्हणजे 110 वॉट, 12 व्होल्टवर ते 9 अँपिअरच्या वर प्रवाह ओढणार, तो भार त्या इवल्याशा बटणाला आणि बारीक वायरीला कसा पेलावा? त्याने जाड वायर घातली, बॅटरीच्या अगदी जवळ 15 अँपिअरचा फ्यूज बसवला आणि मध्ये एक रिले टाकला. बटण दाबले की नाममात्र प्रवाह रिलेतल्या तारेच्या वेटोळ्यात जातो, त्याचे लोहचुंबक होते, ते आतली पट्टी ओढून घेते आणि मोठा प्रवाह परस्पर बॅटरीतून दिव्यांकडे जातो. मला हे लगेच पटले. बँकेतही साहेबाच्या टेबलावरून फक्त सहीचा कागद जातो, रोकड तिजोरीतूनच बाहेर पडते.

रिलेचा तो टक असा आवाज ऐकला आणि मला चार्ल्स केटरिंगची आठवण झाली.

हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. पण सकाळी गाडीची किल्ली फिरवणारा प्रत्येक जण त्याचे काम वापरतो. गॅरेजवाले ज्याला सेल मारणे म्हणतात, त्यातला सेल हा टॉर्चमधला सेल नव्हे, तो सेल्फ स्टार्टरमधल्या सेल्फचा अपभ्रंश आहे. हा स्टार्टर केटरिंगने व्यवहारात आणला. त्याआधी गाडी सुरू करायला हँडल मारावे लागे. आमच्या लहानपणी गावात येणाऱ्या जुन्या मालट्रकच्या नाकात ते वाकडे हँडल घातलेले मी पाहिले आहे. क्लीनर कमरेतून वाकून ते फिरवायचा. अंगठा मुठीत आवळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा त्या विद्येतला पहिला धडा. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटायचे आणि अंगठा, मनगट, प्रसंगी जबडाही मोडायचा.

केटरिंगचा जन्म 29 ऑगस्ट 1876 चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतकऱ्याचे हे पोर. बुद्धी तल्लख, पण डोळे अधू. वाचायला बसले की डोके ठणकायचे. काही काळ त्याने शाळामास्तरकी केली, मग ओहायो स्टेट विद्यापीठात गेला, पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सोडून परत यावे लागले. पोटासाठी त्याने टेलिफोनच्या लाइनवर काम धरले. खांबांसाठी खड्डे खणायचे, तारा ओढायच्या. हळूहळू तो तिथल्या टोळीचा मुकादम झाला. मोकळ्या हवेत डोळ्यांना आराम पडला आणि तो पुन्हा विद्यापीठात गेला. सोबतचे विद्यार्थी त्याला पुस्तके वाचून दाखवत. 1904 साली तो विद्युत अभियंता झाला, तेव्हा वय होते 27. आपल्याकडे वाया गेला म्हणून ज्याच्या लग्नाची काळजी सुरू होते, ते वय.

नोकरी मिळाली ती डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत, म्हणजे दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात. तिथेही हँडलच होते. प्रत्येक विक्रीला कारकुनाने ते फिरवायचे. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्याकडेही हँडलची फॅसिट यंत्रे होती आणि व्याजाच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत खांदा भरून यायचा, त्यामुळे त्या कारकुनांविषयी मला विशेष आपुलकी आहे. केटरिंगने गल्ल्याला विजेची मोटर बसवली. ही मोटर दिवसभर फिरायची नव्हती. ड्रॉवर उघडायच्या क्षणापुरता जोर लावून थांबायची. ही गोष्ट त्याने मनात नीट जपून ठेवली.

त्याच कंपनीतला त्याचा वरिष्ठ एडवर्ड डीड्स याच्या घरामागे एक मोठी कोठी होती. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कंपनीतले काही मित्र तिथे जमत आणि मोटारींवर प्रयोग करत. आमच्या अंगणातल्या रविवारची ही सुधारून वाढवलेली आवृत्तीच. त्या काळी मोटारीत कोरड्या बॅटऱ्यांवर ठिणग्यांचा सडा पाडून पेट्रोल पेटवत आणि त्यात बॅटरी लवकर संपे. केटरिंगने रिले वापरून अशी जुळणी केली की योग्य क्षणी एकच जोरकस ठिणगी पडावी. कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लेलँड याला ती पसंत पडली. 1909 मध्ये केटरिंगने नोकरी सोडली आणि डीड्सबरोबर डेल्को कंपनी काढली. लागलेली नोकरी सोडण्याचे धाडस मला आयुष्यात झाले नाही, म्हणून या जागी मी नेहमी थोडा थांबतो.

मग लेलँडने हँडलचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. बायरन कार्टर नावाचा एक मोटार कारखानदार एका बाईंच्या बंद पडलेल्या गाडीला हँडल मारताना जखमी झाला आणि त्यातच गेला, त्या दुःखाने लेलँड पेटून उठला, अशी कथा सांगतात. कार्टर 1908 मध्ये वारला आणि स्टार्टरचे काम त्यानंतर दोन वर्षांनी उभे राहिले, तेव्हा कथेत थोडे मीठमसाल्याचे मिश्रण असावे. पण हँडलने हात मोडत होते हे खरे.

जाणकारांचे मत असे होते की इंजिन फिरवेल एवढी विजेची मोटर इंजिनाएवढीच मोठी होईल. त्यांचे गणित बरोबर होते, पण ते दिवसभर चालणाऱ्या मोटरचे होते. केटरिंगला गल्ला आठवला. हमाल क्विंटलभराची गोणी उचलून ट्रकमध्ये टाकतो, याचा अर्थ तो ती दिवसभर डोक्यावर वागवू शकतो असा नाही, आणि तशी गरजही नसते. इंजिनाला मोजके सेकंद फिरवायचे आहे. तेवढ्यात लहान मोटरवर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी ती तापून जळण्याआधी काम झालेले असते. शिवाय इंजिन सुरू झाले की तीच मोटर डायनामो होऊन बॅटरी भरू लागे आणि त्याच बॅटरीवर दिवेही लागत. सुरुवातीला चार बॅटऱ्या एका ओळीत जोडून 24 व्होल्ट मिळत. भरताना आणि दिव्यांसाठी त्याच 6 व्होल्टवर येत.

1911 च्या फेब्रुवारीत पहिली जुळणी कॅडिलॅकच्या हाती पडली आणि 1912 च्या मॉडेलमध्ये स्टार्टर, विजेचे दिवे आणि इग्निशन असा पूर्ण संच बसून आला. त्याबद्दल कॅडिलॅकला इंग्लंडची ड्युअर ट्रॉफी मिळाली. कार्बाइडचे दिवे आगपेटीने पेटवायचे कष्ट गेले. ज्या बायकांना हँडलमुळे पेट्रोलची गाडी एकट्याने चालवणे अवघड होते, त्यांना गाडी मोकळी झाली. गंमत अशी की बिनहँडलची म्हणून तेव्हा विजेवरच्या मोटारींना शहरात बरी मागणी होती. स्टार्टर आला आणि त्यांचा तो मोठा आधार गेला. शंभर वर्षांनी त्या पुन्हा आपल्या रस्त्यावर आल्या आहेत.

1916 च्या सुमारास केटरिंगने शेतावरच्या घरांसाठी 32 व्होल्टचा छोटा वीजसंच बाजारात आणला. ज्याने कमजोर डोळ्यांनी शेतघरात अभ्यास केला, त्याला ही कल्पना सुचली यात मला नवल वाटत नाही. पुढे डेल्को जनरल मोटर्समध्ये गेली आणि 1920 ते 1947 अशी 27 वर्षे केटरिंग तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता. हीच कंपनी 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडू लागली. त्याच्या हातून सारेच सोने झाले असे नाही. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांनी थंड होणारे त्याचे इंजिन प्रयोगशाळेत शहाण्यासारखे वागले आणि रस्त्यावर तापू लागले. 1923 मध्ये त्या शेवरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तो खचला आणि कंपनी सोडायला निघाला. आल्फ्रेड स्लोन यांनी समजूत घालून ठेवून घेतले. आठवड्यांऐवजी तासांत वाळणारा गाडीचा रंग आणि रेल्वेचे हलके डिझेल इंजिन ही पुढची कामे त्यातूनच झाली.

इथे हा लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. मात्र एक खाते अजून उघडे आहे.

त्या काळच्या इंजिनात टकटक व्हायची, म्हणजे नॉकिंग. बॅटरी इग्निशनमुळेच ती होते, असा ठपका केटरिंगवर येत होता. त्याने थॉमस मिडग्ली या सहकाऱ्याला कामाला लावले आणि 9 डिसेंबर 1921 रोजी मिडग्लीला औषध सापडले : टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग. पेट्रोलमध्ये अगदी थोडे टाकले तरी टकटक थांबे. अल्कोहोलनेही टकटक थांबते हे दोघांना माहीत होते. पण ते पुष्कळ लागते आणि त्याचे पेटंट मिळत नाही. 1923 मध्ये डेटनमध्येच शिशाचे पेट्रोल विकायला आले. नाव ठेवले एथिल. त्यात शिशाचा उच्चारही नव्हता. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या एका शुद्धीकरण कारखान्यात ते संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले आणि पाच जण दगावले. 1925 मध्ये विक्री थांबली, वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली. डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी धोक्याचा इशारा दिला. केटरिंग शिशाच्या बाजूने उभा राहिला. 1926 च्या जानेवारीत चौकशी समितीने बंदीला पुरेसा आधार नाही असे म्हटले, पुढे अभ्यास चालू ठेवावा अशीही शिफारस केली. विक्री सुरू झाली. अभ्यासाचे मात्र राहून गेले.

शिसे विषारी आहे हे तेव्हाही कोणाला नवे नव्हते. ते मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. भारतात शिशाचे पेट्रोल पूर्णपणे थांबले 2000 च्या फेब्रुवारीत. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे 2021 मध्ये. हे आकडे वाचले तेव्हा मला माझी स्कूटर आठवली. 1990 नंतरच्या त्या वर्षांत मुलाला पुढे उभे करून मी रोज शाळेत सोडायचो. सिग्नलला थांबलो की समोरच्या गाडीचा धूर बरोबर त्याच्या तोंडावर यायचा आणि त्याला पेट्रोलचा तो वास आवडायचा. तो दीर्घ श्वास घ्यायचा, मी हसायचो.

केटरिंगला दुष्ट म्हणायला माझे मन धजत नाही. 1945 मध्ये स्लोन आणि त्याच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधनाची संस्था उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी त्याची पत्नी ऑलिव्ह कर्करोगानेच गेली. 1958 च्या नोव्हेंबरमध्ये तोही गेला. पण त्याच्या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट मनातून जात नाही. इतर अभियंत्यांना न सुचलेला प्रश्न त्याने स्टार्टरच्या वेळी विचारला होता : हा भार किती वेळ टिकणार आहे? उत्तर मोजक्या सेकंदांचे होते, म्हणून तो जिंकला. शिशाच्या वेळी त्याने प्रमाण पाहिले, थोडेसेच तर टाकायचे आहे. ते रस्त्यावर, मातीत, रक्तात किती वेळ टिकणार आहे, हा त्याचाच प्रश्न त्या वेळी त्याने विचारला नाही. ज्या अल्कोहोलला बाजूला सारले, तेच आज आपल्या साखर कारखान्यांतून इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये येते आहे.

त्या रविवारी काम संपता संपता पुतण्या म्हणाला की चार्जिंगच्या वायरीला फ्यूज नसला तरी चालेल, भार केवढासा आहे. मी एरवी त्याच्या कामात बोलत नाही. त्या दिवशी बोललो आणि फ्यूज बसेपर्यंत बॅटरी धरून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता अंगणात त्याने सेल मारला, दोन जादा दिवे लागले आणि कोबी-फ्लॉवरने भरलेली गाडी फाटकातून बाहेर पडली.